फीत कापण्यापूर्वी

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षास आग लागली आणि दहा बालके दगावली. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. दोन्ही वेळी चौकशी झाली, निलंबनेही झाली. परंतु धुराची सूचना देणारे यंत्र चालते काय, वीजवाहिन्यांना भार पेलतो काय, हे प्रश्न मुळात वास्तू ताब्यात घेतानाच विचारावयाचे असतात. दुर्घटनेनंतर त्यांची उत्तरे राखेत शोधावी लागतात.

सरकारी इमारतींच्या बाबतीत खरी उणीव आहे ती येथेच. कंत्राटदाराचे देयक मोजमाप पुस्तकाच्या आधारे निघते. किती मीटर नळ टाकला, किती पंखे बसविले, याची नोंद त्यात काटेकोर असते. पण मोजमाप म्हणजे चाचणी नव्हे. भिंतीवर टांगलेली अग्निशामक नळी मोजता येते. सर्वात वरच्या मजल्यावर तिच्यातून पाणी जोराने येते की नाही, हे झडप उघडल्यावाचून कळत नाही. वीज गेल्यावर जनित्र आपोआप सुरू होते काय, उद्वाहन मध्येच अडकल्यास आतील घंटा बाहेर ऐकू जाते काय, भूसंपर्काची तार खरोखर जमिनीशी जोडलेली आहे काय, हेही प्रत्यक्ष पाहावेच लागते. काही गोष्टी तर अखेरीस पाहून उपयोग नसतो. गिलाव्याखाली जाणाऱ्या नळांची दाबाखाली चाचणी गिलाव्यापूर्वीच आणि न्हाणीघरात पाणी साठवून गळती पाहणे फरशी बसविण्यापूर्वीच व्हावयास हवे.

हे नियम अभियंत्यांना ठाऊक नाहीत असे नाही. मात्र उद्घाटनाची तारीख पाहुण्यांच्या सवडीने ठरते आणि तपासणीने त्या तारखेशी जुळवून घ्यावे, अशी अपेक्षा असते. काही ठिकाणी उलट घडते. पूर्ण झालेली इमारत पाहुण्यांच्या प्रतीक्षेत महिनोन्‌महिने कुलूपबंद राहते. दोषांची जबाबदारी कंत्राटदारावर राहण्याची मुदत साधारणतः काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यापासून मोजली जात असल्याने, पहिला विद्यार्थी वर्गात बसण्यापूर्वीच तिचा बराचसा भाग संपलेला असतो. मग छत गळू लागले की शाळेने दुरुस्तीच्या अनुदानासाठी अर्ज करीत बसावे!

खासगी सदनिकेच्या ग्राहकाची स्थिती याहून बरी आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामातील दोष विनामूल्य दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्याला दिला आहे. जनतेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या शाळेला त्याहून कमी संरक्षण का असावे?

प्रत्येक वस्तू चालवून पाहण्यास वेळ नाही आणि मुख्याध्यापकाला तांत्रिक ज्ञान नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तांत्रिक चाचणी अभियंत्यानेच करावी, हे खरे. पण नळ सोडून पाहण्यास, दिवा लावण्यास, दार बंद होते की नाही हे पाहण्यास पदविका लागत नाही. जो वास्तू वापरणार, त्याच्या समक्ष ही तपासणी व्हावी. आढळलेल्या उणिवांची यादी दुरुस्तीच्या मुदतीसह सूचनाफलकावर लागावी. तपासणाऱ्याचे नाव आणि स्वाक्षरी तीवर असावी. आणि यादी निरंक होईपर्यंत कंत्राटदाराची अनामत परत जाऊ नये. याला नवा खर्च फारसा नाही. लागेल तो एवढाच निर्धार, की अपुऱ्या कामावर सही करावयाची नाही आणि जो ती नाकारील त्याच्या पाठीशी वरिष्ठांनी उभे राहावयाचे. किल्ल्यांचा जुडगा हाती पडला म्हणजे हस्तांतरण झाले, ही समजूत टिकून आहे तोवर कोनशिलेवरची नावे झळकत राहतील आणि तपासणाऱ्याचे नाव मात्र कोठेच सापडणार नाही.