‘लुक’ की ‘लुकिंग’?

नोकरीच्या अर्जाची शेवटची ओळ लिहिताना आपली मुलं हमखास अडतात. ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ लिहायचं, की ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड’? दोन्ही शुद्ध आहेत. प्रश्न व्याकरणाचा नाही, नात्याचा आहे. अनोळखी अधिकाऱ्याला साधा वर्तमानकाळ शोभतो. ज्यांच्याशी दोनचारदा बोलणं झालंय, त्यांना चालू वर्तमानकाळ आपुलकीचा वाटतो. ‘हिअरिंग’ मात्र दोन्हीकडे कायम, कारण तिथला ‘टू’ शब्दयोगी आहे. ‘टू हिअर’ लिहिलं की ती चूकच.

विनंती करताना हा फरक फार बोलका होतो. ‘आय होप यू कॅन कम’ यात इच्छा ठाम आहे. ‘आय ॲम होपिंग’ म्हटलं की ती थोडी सैल होते, समोरच्याला नाही म्हणायला वाव राहतो. ‘आय वॉज वंडरिंग इफ...’ तर आणखी मागे सरकतं: विचार अजून अपुरा, आणि तोही भूतकाळातला! हे भूतकाळाचं पाऊल आपल्याला नवं नाही. ‘तुमच्याकडे जरा काम होतं’ असं म्हणत आपण कुणाच्या दारात उभे राहतो, तेव्हा काम अजून सांगायचंच असतं. इंग्रजीने या अदबीला चालू काळाची जोड दिली, एवढंच.

शाळेत हे कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. ‘नो’, ‘वाँट’, ‘होप’ यांना ‘आयएनजी’ लावू नका, एवढाच नियम पाठ होतो. ‘आय ॲम नोइंग’ टाळायला तो उपयोगी आहे, पण त्याच धाकाने मुलं ‘आय ॲम होपिंग’सारखं सभ्य वाक्यही खोडून टाकतात.

जिथे साधाच काळ हवा, त्या जागा वेगळ्या. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमध्ये दिलेली व्याख्यानं १९६२ साली पुस्तकरूपाने आली. त्यांचा मुद्दा असा, की काही वाक्यं उच्चारणं हीच कृती असते. ‘आय प्रॉमिस’ म्हटलं की वचन दिलं गेलं, ‘आय अपॉलजाइज’ म्हटलं की माफी मागून झाली. ‘आय ॲम अपॉलजायझिंग’ हे बहुधा त्या कृतीचं वर्णन वाटतं, आणि दुखावलेल्या माणसाला वर्णन नको असतं. ‘आय ॲम वॉर्निंग यू’ किंवा ‘आय ॲम बेगिंग यू’ अशी वाक्यं आहेत खरी, पण त्यांत राग किंवा काकुळती असते. कार्यालयीन पत्रात ती बसत नाहीत.

आभारांचंही तसंच. आपल्या अर्जांखाली पिढ्यान्‌पिढ्या ‘थँकिंग यू’ येत आलं आहे. ते आता जुनाट वाटतं. त्याजागी ‘थँक यू फॉर युअर टाइम’ लिहावं, आणि खाली सही करावी.