उत्तर बरोबर, पण पुढचा प्रश्न?

आपल्या शाळेतील सामान्यज्ञान स्पर्धा आम्ही दरवर्षी मोठ्या हौसेने ऐकतो. यंदा क्रीडाविषयक फेरीत मोटारशर्यतींवर प्रश्न आले आणि सभागृह दणाणून गेले. फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद पाच वेळा मिळवणारा अर्जेंटिनाचा चालक कोण? प्रश्न संपायच्या आत उत्तर आले, फँजिओ! जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत कुठे आणि केव्हा झाली? सिल्व्हरस्टोन, १९५०. सात-सात विजेतेपदे कोणाची? शूमाकर आणि हॅमिल्टन. मृत्यूनंतर जगज्जेता ठरलेला एकमेव चालक? योखेन रिंट, १९७०.

मागच्या रांगेत बसलेले आम्ही मोठे लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. टाळ्या झाल्या, गुण लिहिले गेले आणि पुढचा प्रश्न आला. रिंट गेला कसा, हे मात्र कोणी विचारले नाही. आजचा हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. 'हे सगळे पाठ करून काय उपयोग, त्यापेक्षा पाढे पाठ करा' असे म्हणणाऱ्या पालकांच्या पंक्तीत आम्ही बसत नाही. ज्या मुलाला सन, सनावळी, गाड्या आणि चालक असे सगळे बिनचूक आठवते, त्याची बुद्धी चांगली चालते आहे, एवढे तरी मान्य करावे. शिवाय हा खेळ आता आपल्याला परका राहिलेला नाही. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेन सागराच्या काठी, आपल्या रोजच्या येण्याजाण्याच्या रस्त्यांवर, विजेवर चालणाऱ्या मोटारींची फॉर्म्युला ई शर्यत झाली. फ्रान्सच्या झ्याँ-एरिक वेर्ने याने ती जिंकली. मुलांना या खेळाचे वेड लागले, यात नवल नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, 'कोण' आणि 'केव्हा' यांच्यापाशी थांबलेले ज्ञान अर्धे असते. 'का' विचारले की ते पुरे होते.

साधे उदाहरण घ्या. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय कोण? नरेन कार्तिकेयन, २००५, अमेरिकेतील इंडियानापोलिस, चौथा क्रमांक, पाच गुण. उत्तर बरोबर. पण त्या दिवशी शर्यतीत किती गाड्या धावल्या? फक्त सहा! मिशेलिन कंपनीचे टायर तिथल्या उतरत्या, वेगवान वळणावर टिकणार नाहीत, हे सरावातच दिसून आले होते. त्यामुळे ते टायर वापरणाऱ्या चौदा गाड्या सुरुवातीच्या फेरीनंतरच मागे फिरल्या. कार्तिकेयनचे यश यामुळे खोटे ठरत नाही. पण त्या पाच गुणांमागची सगळी हकीकत कळली की टायर, उष्णता, वेग आणि सावधगिरी यांचा एक धडाच डोळ्यांपुढे उभा राहतो. चौदा गाड्यांनी शर्यत सोडली ती भित्रेपणाने नव्हे, चालकांचा जीव धोक्यात घालायचा नाही म्हणून.

आता रिंटकडे वळू. १९७० साली त्याने पाच शर्यती जिंकल्या होत्या. ५ सप्टेंबर रोजी इटलीतील मोंझा येथे शर्यतीच्या आदल्या दिवशीच्या सरावात त्याच्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचा दांडा तुटला आणि गाडी कठड्यावर आदळली. त्याने खांद्यांवरचे आणि कमरेचे पट्टे बांधले होते; पायांमधून येणारा पट्टा मात्र बांधला नव्हता. आग लागली तर गाडीतून झटकन बाहेर पडता यावे म्हणून तो पट्टा त्याला नकोसा वाटे. धडकेच्या वेळी त्याचे शरीर खाली घसरले आणि उरलेल्या पट्ट्यांनीच गळ्याला प्राणघातक इजा झाली. त्याचे गुण नंतर कोणालाच ओलांडता आले नाहीत, म्हणून तो मरणोत्तर जगज्जेता ठरला. आमच्या मुलांना त्याचे नाव आणि साल ठाऊक आहे. न बांधलेला पट्टा ठाऊक नाही.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुद्दाम फाटकाशी उभे राहिलो. आई-वडिलांच्या स्कूटरवरून मुले उतरत होती. एका स्कूटरवर तिघे, क्वचित चौघे. चालवणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यावर हेल्मेट होते, कारण चौकात पोलीस असतो. मागे बसलेल्या मुलांपैकी ज्यांनी हेल्मेट घातले होते, ती मोजायला एका हाताची बोटे पुरली. आदल्या दिवशी रिंटचे नाव सांगून गुण मिळवणारा विद्यार्थीही उघड्या डोक्यानेच उतरला. त्याला आम्ही दोष देत नाही. त्याला प्रश्नच अर्धा विचारला गेला होता.

मोटारशर्यतींचा इतिहास नीट वाचला तर तो जितका विजेत्यांचा आहे, तितकाच 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' या म्हणीचाही आहे. १९६६ साली बेल्जियममधील स्पा येथे पावसात जॅकी स्टुअर्टची गाडी पहिल्याच फेरीत रस्त्याबाहेर गेली. गळणाऱ्या पेट्रोलमध्ये तो सुमारे पंचवीस मिनिटे अडकून पडला. जवळ अवजारे नव्हती. सोबतच्या दोन चालकांनी प्रेक्षकाकडून पाना मागून आणला आणि त्याला सोडवले. त्यानंतर स्टुअर्टने कठडे, डॉक्टर, अग्निशमन दल यांसाठी वर्षानुवर्षे भांडण मांडले. १९६९ साली चालकांनी मागितलेल्या सुधारणा झाल्या नाहीत आणि स्पाची शर्यत भरलीच नाही. 'हा खेळाची मजा घालवतो' असे त्याला ऐकून घ्यावे लागले. तीन वेळा जगज्जेता झालेल्या माणसाला भित्रा म्हणणारे लोकही होते!

१९९४ साली इटलीतील इमोला येथे एकाच शनिवार-रविवारी दोन चालक गेले. रविवारी गेलेल्या आयर्टन सेनाचे नाव जगाला पाठ आहे. शनिवारी गेलेला ऑस्ट्रियाचा रोलँड रात्झेनबर्गर किती जणांना आठवतो? सेनाच्या गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला. शर्यतीनंतर तो रात्झेनबर्गरच्या स्मरणार्थ फडकवायचा, असे त्याच्या मनात होते. जगज्जेत्याने ज्याची आठवण ठेवली, त्याला आपल्या प्रश्नपत्रिकेत जागा नसावी, हे बरे नव्हे. या दोन मृत्यूंनंतर गाड्या, वळणे, कठडे यांत मोठे बदल झाले. पुढील वीस वर्षे, २०१४ मध्ये जपानमध्ये ज्युल्स बियांचीला अपघात होईपर्यंत, अजिंक्यपदाच्या एकाही शर्यतीत चालकाला प्राणघातक इजा झाली नाही.

२०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती 'हेलो' नावाचे धातूचे कडे बसवणे सक्तीचे झाले. तेव्हा रसिकांनी नाके मुरडली. गाडी कुरूप दिसते, म्हणाले. चालक रोमाँ ग्रोजाँ याचाही त्याला विरोध होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनला त्याच ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि आगीचा डोंब उसळला. अठ्ठावीस सेकंदांनी तो स्वतःच्या पायांनी ज्वाळांतून बाहेर आला. हेलो नसता तर आज मी तुमच्याशी बोललो नसतो, अशा अर्थाचे उद्गार त्याने रुग्णालयातून काढले. 'हेल्मेटने केस बिघडतात', 'शाळा तर जवळच आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या नाक मुरडणाऱ्या रसिकांत आणि आपल्यात फरक तो काय?

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत.

विद्यार्थीमित्रांनो, पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत प्रत्येक 'कोण'मागे एक 'का' असावा आणि 'का'ला दुप्पट गुण असावेत. शर्यतींच्या इतिहासावर भित्तिपत्रक काढा. त्यात विजेत्यांच्या यादीशेजारी प्रत्येक अपघातानंतर कोणता नियम बदलला, याचीही यादी असू द्या. तुमच्याइतकी माहिती आम्हा शिक्षकांना नाही. ते काम तुम्हीच करू शकता.

पालकहो, चार वर्षांवरील प्रत्येकाने दुचाकीवर हेल्मेट घालावे, हा कायदाच आहे. मागे बसलेल्यालाही तो लागू आहे. नववी-दहावीतल्या मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणाऱ्या पालकाला २०१९ च्या दुरुस्तीनुसार पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण आम्ही दंडाची भीती घालत नाही. शिकवणीच्या शुल्काच्या मानाने मुलाच्या मापाचे हेल्मेट स्वस्त पडते, एवढेच सांगतो.

आणि विश्वस्त मंडळास नम्र विनंती. हेल्मेट का आणत नाही, असे विचारल्यावर मुलांनी एक खरी अडचण सांगितली. ते ठेवायचे कुठे? बाकावर मावत नाही, बाहेर ठेवले तर हरवते. सायकल स्टँडशेजारच्या भिंतीला वर्गवार खणांचे एक फडताळ करून द्यावे आणि त्याला कुलूप असावे. खर्च फार नाही. क्रीडासाहित्याच्या तरतुदीत तो सहज बसेल, आणि आमच्या मते तो तिथेच दाखवावा.

स्टुअर्टला सोडवायला एक साधा पाना मिळेना, म्हणून पुढे तो गाडीतच पाना बाळगू लागला. शहाणा माणूस ठेचेतून हे शिकतो. आपल्याला तर ठेच लागण्याचीही गरज नाही. दुसऱ्यांनी खाल्लेल्या ठेचा आपल्या मुलांना सनावळीसकट पाठ आहेत. आता त्या डोक्यात आहेत तशाच डोक्यावरही दिसाव्यात, एवढीच आमची इच्छा आहे.