‘खोटारडी’ हा शिक्का
‘पोर खोटारडी आहे’ म्हटलं की पोरीला मार बसतो आणि ‘आईचं वळणच तसं’ म्हणून आईलाही बोल लागतो. मारानं खोटं थांबत नाही, सफाईदार होतं. खऱ्याला शिक्षा होते तिथे खोटं हीच मुलाची ढाल. म्हणून ‘कोणी सांडलं?’ अशी उलटतपासणी नको. ‘दूध सांडलंय, चल पुसू’ म्हणावं. खरं बोलल्यास मार नाही, निस्तरणं मात्र आहे, हा नियम मोठ्यांनीही पाळावा.

शिक्का खरा घात करतो तो पुढे. हीच मुलगी अत्याचाराबद्दल बोलते, तेव्हा तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम २२ खोट्या तक्रारीबद्दलही मुलाला शिक्षा करू देत नाही. कायद्याला कळलं ते घरांना, शाळांना, बालगृहांना कधी कळणार?