खो!

परवा रात्री होस्टेलमधला माझा जुना रूममेट आणि मी पोकेमॉन खेळत होतो. तो आता दुसऱ्या शहरात असतो, त्यामुळे खेळ ऑनलाइन, शोडाउनवर. चाळीसेक टर्न झाले असतील. अचानक त्याने मॅच सोडली आणि सरळ फोन केला.

"अरे, तू खेळतोयस की नुसता खो देतोयस?"

मी हसलो. जिंकलो होतो ना! पण फोन ठेवल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण त्याचं बरोबर होतं. त्या मॅचमध्ये मी अर्ध्याहून जास्त वेळा एकच मूव्ह वापरली होती. यू-टर्न.

ज्यांनी पोकेमॉन फक्त लहानपणी टीव्हीवर हिंदीतून पाहिलाय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोघांकडे सहा-सहा पोकेमॉन, मैदानात एकेक. दोघंही आपली चाल एकाच वेळी आणि गुपचूप ठरवतात. पोकेमॉन बदलायचा असेल तर तुमची ती टर्न त्यातच जाते, आणि नवा येणारा बिचारा समोरच्याचा फटका खातो. म्हणून बदलणं हा जुगार असतो. समोरचा काय करेल हे ओळखायचं आणि त्यावर पैज लावायची. माझ्या मते खरा खेळ तोच आहे, बाकीचा सगळा गुणाकार-भागाकार.

यू-टर्न २००६ साली डायमंड-पर्लमध्ये आला. ताकद ७०, म्हणजे मध्यम. मारायचं आणि लगेच बाहेर पडून दुसऱ्याला आत पाठवायचं. जपानीत त्याचं नाव तोंबोगाएरी, शब्दशः चतुराचं परतणं. कोलांटउडीलाही तेच म्हणतात आणि कुठेतरी जाऊन लगेच परत येण्यालाही. ही मूव्ह किडा प्रकारात का, हे कोडं मला कित्येक वर्षं होतं, ते या नावाने सुटलं.

आता यातली गोम बघा. समोरच्याने पोकेमॉन बदलला तर त्याची बदली आधी होते, मग माझा यू-टर्न बसतो, आणि मग मी ठरवतो कोणाला आणायचं. म्हणजे त्याचा पत्ता उघडल्यावर मी माझा टाकतो! तो बदलला नाही, आणि माझा पोकेमॉन त्याच्यापेक्षा संथ असला, तर आणखी मजा. सिझरसारखा दणकट गडी आधी मार खातो, मग यू-टर्न मारून निघतो, आणि माझा नाजूक पोकेमॉन ओरखडाही न पडता आत येतो. वेगाच्या या खेळात हळू असणं फायद्याचं ठरावं, ही कल्पना मला अजूनही फार आवडते.

(आयटीत 'स्विच' म्हटलं की आमच्या मातोश्रींचे कान टवकारतात. आई, नोकरी नाही गं, पोकेमॉन.)

रूममेटचं म्हणणं, हा पळपुटेपणा आहे. मला तसं वाटत नाही. माघार हाही डावच असतो. माझी तक्रार वेगळी आहे: माघारीची किंमत उरली नाही.

पूर्वी ती होती. ज्या पिढीत यू-टर्न आला त्याच पिढीत स्टेल्थ रॉकही आला. मैदानावर टोकदार दगड, आत येणारा प्रत्येकजण रक्तबंबाळ. चॅरिझार्डची तर नुसतं आत पाऊल टाकलं की अर्धी एनर्जी गुल. शिवाय १९९९ पासूनची परस्यूट नावाची मूव्ह होती, जी बाहेर पडणाऱ्याला जाता जाता गाठून दुप्पट ताकदीने हाणायची. होस्टेलमध्ये माझ्या या रूममेटचा टायरेनिटार परस्यूटसाठी कुप्रसिद्ध होता. बदलायचं बटण दाबताना हात थरथरायचा राव.

मग २०१९ साली स्वॉर्ड-शील्ड आले. परस्यूट गायब, आणि २०२२ च्या स्कार्लेट-व्हायोलेटमध्येही परतला नाही. दगडांवर उपाय म्हणून हेवी-ड्यूटी बूट्स आले. ते घातले की काहीच टोचत नाही. वर २०२० मध्ये फ्लिप टर्न, म्हणजे यू-टर्नची पाण्यातली आवृत्ती. दोन्ही चौक्या उठवल्या आणि वर रस्ता रुंद करून दिला! माझा टॉर्नेडस बूट घालून येतो, यू-टर्न मारतो, बाहेर जातो, आणि रीजनरेटरमुळे जाताना एक तृतीयांश एनर्जी भरून घेतो. यात मी कसला अंदाज बांधला? कसली पैज लावली?

याउलट व्होल्ट स्विच बघा, २०१० चा. काम तेच, पण विजेचा. समोर जमीन प्रकारातला पोकेमॉन आला की मूव्ह फुकट आणि तुम्ही जागच्या जागी अडकलेले. म्हणजे वापरण्याआधी विचार करावा लागतो. किडा प्रकाराला असं ठाम 'नाही' म्हणणारा एकही प्रकार नाही. मार कमी बसेल, पण सुटका होणारच. प्रोटेक्टने अडतो, रॉकी हेल्मेट घातलेल्याला शिवलं तर चटका बसतो, हे कबूल. पण प्रोटेक्ट रोज रोज कोण वापरणार?

खऱ्या खो-खोतसुद्धा खो घेऊन एक दिशा धरली की खांबापर्यंत उलटं फिरता येत नाही. खो मिळतो, पण त्याबरोबर बंधनही मिळतं.

असो. काल मी त्याला फोन केला. म्हटलं, पुढच्या शनिवारी सातव्या पिढीचे नियम लावू. बूट नाहीत, फ्लिप टर्न नाही, परस्यूट आहे. दोन सेकंद शांतता.

"टायरेनिटार चालेल ना?"

चालेल म्हणालो. आता टीम बनवायला बसलोय, आणि टॉर्नेडसला घ्यावं की नाही ते ठरत नाहीये.