कोको प्या, पण गोळी सोडू नका

‘बीपी आहे ना? मग रोज कोको घ्या. झाडपाल्याचंच आहे, अपाय कसला?’ असले सल्ले हल्ली मोबाइलवरून घरोघर पोहोचतात. सिल्वासाजवळच्या खेरडीत कारखान्याच्या पाळ्या करणारा कामगारही ते वाचतो आणि पगारातून महागडा डबा आणतो. तो डबा आणण्याआधी त्याच्यापर्यंत खरी माहिती पोहोचायला हवी, म्हणून आजचा हा लेख.

कोकोत गुण आहेत, हे आधी मान्य करू. पनामाच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर राहणारे कुना आदिवासी भरपूर कोको पितात आणि त्यांच्यात उच्च रक्तदाब फारसा आढळत नाही, याकडे हार्वर्डच्या नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी लक्ष वेधले. कोकोतील फ्लॅव्हनॉल या घटकांमुळे रक्तवाहिन्या सैलावतात. रोज 200 मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल घेतल्यास रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकायला मदत होते, हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2012 मध्ये ग्राह्य धरला. पुढे अमेरिकेत 21 हजारांहून अधिक वयस्कांवर ‘कॉसमॉस’ हा मोठा अभ्यास झाला. रोज 500 मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल देऊनही हृदयविकार आणि पक्षाघाताच्या एकूण घटनांत ठोस घट सिद्ध झाली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आशादायक आहे, पण उपचार म्हणावा इतका पक्का नाही. शिवाय त्या लोकांना चॉकलेट नव्हे, कोकोच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या होत्या.

आपल्या किराणा दुकानात मिळते ते काय? डबा उलटा करून घटकांची यादी वाचा. ज्याचे वजन जास्त, त्याचे नाव आधी, असा नियम आहे. अनेक चॉकलेटी पेयांत कोकोच्या कितीतरी आधी साखर येते. नुसती कोको पावडर घेतली तरी ‘आम्लता नियंत्रक 501’ अशी नोंद आहे का, ते पाहा. बहुतेकदा त्याचा अर्थ असा की, तुरटपणा घालवून रंग गडद करण्यासाठी पावडरीवर अल्कलीची प्रक्रिया झाली आहे. त्या प्रक्रियेत फ्लॅव्हनॉलचा मोठा भाग नष्ट होतो. फिकट तपकिरी, कडू-तुरट पावडरीत ते अधिक टिकते. म्हणजे जिभेला जे आवडते, त्यात गुण कमी.

बायकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. दादरा-नगर हवेलीत निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. कोकोत लोह असते म्हणून तो रक्तवाढीसाठी सुचवला जातो. पण त्यातली पॉलिफेनॉल चहाप्रमाणेच जेवणातल्या लोहाचे शोषण अडवतात. भाजी-भाकरीबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर कोको घेतला, तर फायद्याऐवजी तोटाच पदरात पडेल. दोन्हींत तास-दोन तासांचे अंतर ठेवा. मुतखडा होऊन गेलेल्यांनीही जपून घ्यावा, कारण कोकोत ऑक्झलेट भरपूर असते.

मुलांच्या बाबतीत तर सरकारलाच बोलावे लागले. एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासारखी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढायला सांगितले, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात अशा वर्गाची व्याख्याच नाही. ‘पौष्टिक’ म्हणून आई पोटाला चिमटा काढून जो डबा घेते, त्यातून लेकराच्या पोटात मुख्यतः साखर जात असेल, तर ही तिची फसवणूक आहे. तेवढ्याच पैशांत नागलीचे सत्त्व, शेंगदाणे आणि अंडी येतात. आदिवासी घरांतले हे जुने अन्न डब्यापुढे कमी प्रतीचे ठरवले जाते, याचा मला मनापासून राग येतो.

कोको आवडत असेल तर जरूर घ्या. प्रक्रिया न केलेली पावडर, छोटा चमचाभर, साखर न घालता, जेवणापासून दूर, आणि झोप उडत असेल तर संध्याकाळनंतर नको. पण त्याला औषध समजू नका. वनस्पतीपासून आले म्हणून काही औषध ठरत नाही. कोणत्या आजाराला, किती मात्रेत, किती दिवस, या तीन प्रश्नांची उत्तरे असतील तेच औषध. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. सिल्वासाच्या विनोबा भावे सरकारी रुग्णालयात जाऊन रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. डबा त्यानंतर.