विश्लेषण : ‘पाणीवाल्या बाई’कडून सोलापूरने काय शिकावे?

महापालिकेत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तरीही तिकीट बाईला आणि कारभार तिच्या घरच्या पुरुषाकडे, असे चित्र राज्यात अनेक ठिकाणी दिसते. राखीव जागेवर निवडून येणे आणि सत्ता हाती येणे यातले अंतर समजून घ्यायचे, तर मृणाल गोरे यांची कारकीर्द पाहावी लागते.

सुरुवात कुठून झाली?

१९२८ मध्ये जन्मलेल्या मृणालताईंनी समाजवादी चळवळीसाठी वैद्यकीय शिक्षण सोडले. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या. गोरेगावच्या वस्त्यांना नळाचे पाणी मिळावे म्हणून त्यांनी लढा दिला आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. १९७२ मध्ये त्या आमदार झाल्या. त्याच वर्षी महागाईविरोधात समाजवादी, कम्युनिस्ट अशा वेगवेगळ्या पक्षांच्या महिला एकत्र आल्या आणि लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या.

१९७७ मध्ये काय घडले?

जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाली. मृणालताईंनी भूमिगत राहून काम केले, नंतर त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. मार्च १९७७ च्या निवडणुकीत त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या. लाटणे मोर्चातल्या त्यांच्या सहकारी, मार्क्सवादी पक्षाच्या अहिल्या रांगणेकर याही मुंबईतूनच निवडून आल्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा तेव्हा घरोघरी पोहोचली. मात्र त्या लोकसभेत महिला खासदार २० हूनही कमी होत्या.

इतर देशांत वेगळे होते का?

नाही. त्याच वर्षी स्पेनही हुकूमशाहीतून बाहेर पडत होता. जून १९७७ मध्ये तिथे ४१ वर्षांनी मुक्त निवडणूक झाली. दीर्घ विजनवासातून परतलेल्या कम्युनिस्ट नेत्या डोलोरेस इबारुरी ८१ व्या वर्षी निवडून आल्या. पण ३५० जणांच्या सभागृहात महिला होत्या २१, आणि राज्यघटनेचा मसुदा लिहिणारे सातही जण पुरुष होते. लोकशाहीसाठी लढताना बाई पुढे आणि निर्णय घेताना मागे, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच.

सभागृहात गेल्यावर काय बदलले?

मृणालताईंनी रस्त्यावरचा प्रश्न सभागृहात नेला. १९८५ मध्ये पुन्हा आमदार झाल्यावर त्यांनी गर्भलिंग चाचणीवर बंदी घालणारे अशासकीय विधेयक मांडले. महाराष्ट्रात १९८८ मध्ये असा कायदा झाला. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला.

सोलापूरचा संबंध काय?

उजनी धरण जिल्ह्यातच आहे, तरी शहरातल्या अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही. पाणी कधी येणार यावर विडी वळणाऱ्या बाईचा सगळा दिवस ठरतो. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर महापालिका काही वर्षे प्रशासकाच्या हाती होती. त्या काळात नगरसेवकाला जाब विचारण्याची सोयही उरली नव्हती.

म्हणून निम्म्या जागांचा हिशेब प्रत्यक्ष कामावर मांडायला हवा. पाणीपुरवठ्याच्या चर्चेत नगरसेविका स्वतः किती वेळा बोलल्या? बैठकीला त्या गेल्या की त्यांचे पती? पक्ष बाजूला ठेवून सगळ्या पक्षांच्या महिला सदस्य पाण्यासाठी एकत्र आल्या का? मतदारांनी हे प्रश्न नगरसेविकांनाच विचारले पाहिजेत. आरक्षणाने दार उघडले आहे. मृणालताईंना तर ते आरक्षणही नव्हते.