भाकरीची बँक, पुस्तकांचा मोहल्ला आणि आपण

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या मंडपासाठी एकही सवर्ण जागा द्यायला तयार झाला नाही. ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमानाने. हा इतिहास आपण व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो. पण आपल्याच शहरातील फत्तेखानांच्या वारसांकडे आपले लक्ष आहे काय?

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या जिन्सी-बायजीपुरा भागात युसूफ मुकाती यांनी डिसेंबर २०१५ मध्ये 'रोटी बँक' सुरू केली. सभासदांनी घरून दोन ताज्या पोळ्या व भाजी आणून जमा करायची. भुकेल्याने यावे, घेऊन जावे. कोणापुढे हात पसरणे नाही, जात-धर्माची चौकशी नाही. त्याच बायजीपुऱ्यात जानेवारी २०२१ मध्ये, कोरोनाच्या काळात, मरियम मिर्झा या शाळकरी मुलीने वडील मिर्झा अब्दुल कय्यूम नदवी यांनी दिलेल्या पुस्तकांतून मोहल्ल्यातील मुलांसाठी वाचनालय उघडले. पुढे अशी वाचनालये शहरातील अनेक मोहल्ल्यांत उभी राहिली. दंगल झाली की या वस्त्यांकडे धावणाऱ्या कॅमेऱ्यांना पुस्तक वाचणारी मुले क्वचितच दिसतात.

मात्र एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सेवा म्हणजे न्याय नव्हे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. तरीही रेशनकार्डातून नाव गळालेल्या विधवा, परित्यक्ता माझ्यासारख्या वकिलाकडे येतात. त्यांत बौद्ध असतात, तशाच मुस्लिमही असतात. दोघींच्या अर्जावर शेरा एकच : 'उद्या या'. रोटी बँकेने आजची भूक भागते. उद्याच्या भुकेचा जाब शासनाला विचारावाच लागेल.

२०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुस्लिम मागास घटकांच्या ५ टक्के शैक्षणिक आरक्षणाला स्थगिती देण्यास नकार दिला. तरीही सरकारने अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर केले नाही. मोहल्ल्यातील मूल वाचनालयात शिकेल, पण महाविद्यालयाचे दार कोण उघडणार? तेव्हा आपल्या निळ्या झेंड्याखालून किती मोर्चे निघाले, याचे आत्मपरीक्षण व्हावे.

बाबासाहेबांनी १९५० मध्ये याच शहरात मिलिंद महाविद्यालय उभे केले. मराठवाड्यातील वंचितांच्या हाती पुस्तक देणे हाच त्याचा हेतू होता. त्या महाविद्यालयाच्या मुशीतून घडलेल्या समाजाने बायजीपुऱ्याच्या त्या मुलीकडून शिकण्यात कमीपणा मानू नये. आपल्या प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर मुलांसाठी पुस्तकांचे कपाट उघडावे. त्यात उर्दू पुस्तकेही असावीत. मोहल्ल्याच्या कपाटात बाबासाहेबांचे चरित्र जावे. आणि रेशनचा अर्ज दोन्ही वस्त्यांनी मिळून, एकाच निवेदनावर सह्या करून द्यावा.

एकट्याला 'उद्या या' म्हणता येते. एकत्र आलेल्या वस्त्यांना म्हणता येत नाही.

जय भीम!